परवाना कंत्राटदाराचा, जोखीम कारागिराची

तालुक्याच्या कोणत्याही गावी नव्या घरात वीज घ्यायची म्हटले की घरमालकाच्या हाती कागदांची यादी पडते. अर्ज, ओळखपत्र, जागेचा दाखला आणि त्यांच्या जोडीला 'टेस्ट रिपोर्ट'. घरातील वायरिंग तपासले आहे, इन्सुलेशन ठीक आहे, अर्थिंग केलेले आहे आणि ही मांडणी वीज सोडण्यास योग्य आहे, असे परवानाधारक विद्युत कंत्राटदाराने लिहून दिलेले हे पत्र. कायद्याच्या दृष्टीने त्याला मोठे मोल आहे. प्रत्यक्षात ते पुष्कळदा कसे मिळते, हे मात्र गावात कोणापासून लपलेले नाही. वायरिंग करतो एक जण आणि सही करतो दुसरा. करणाऱ्याजवळ पक्कड, टेस्टर आणि दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असतो. सही करणाऱ्याजवळ परवाना आणि शिक्का असतो. सही करणाऱ्याने ते घर पाहिलेले असतेच असे नाही. सहीचा दर ठरलेला असतो आणि तो कधी कारागिराच्या मजुरीतून, तर कधी घरमालकाच्या खिशातून वळता होतो.

या व्यवहारात कोणी फार मोठा गुन्हेगार आहे असे नाही. कारागिराला पोट आहे, घरमालकाला दिवाळीपूर्वी घरात दिवा हवा आहे आणि कंत्राटदाराला परवान्यापायी झालेला खर्च भरून काढायचा आहे. परंतु तिघांच्या सोयीतून जी रीत रूढ झाली, तिने एक मूलभूत प्रश्न झाकून ठेवला आहे. ज्या हाताने तार जोडली, त्या हाताची परीक्षा कोणी घेतली? स्वतंत्रपणे धंदा करणाऱ्या वीजकारागिराला कंत्राटी परवान्याखेरीज स्वतःच्या कसबाचे प्रमाणपत्र असावे काय, हा वाद अधूनमधून निघतो आणि निव्वळ तांत्रिक समजून बाजूला सारला जातो. वस्तुतः तो श्रमाच्या प्रतिष्ठेचा आणि माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. श्रमिकांच्या चळवळीने त्याविषयी संदिग्ध राहणे परवडणारे नाही.

कायद्याच्या चित्रातील तीन माणसे

भारतीय वीज नियम १९५६ साली तयार झाले. त्यांतील पंचेचाळिसाव्या नियमाने ग्राहकाच्या जागेतील वीजकामाची एक चौकट घालून दिली. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण बदलण्यासारखी, मांडणीच्या क्षमतेत वा स्वरूपात फरक न करणारी किरकोळ कामे तेवढी या चौकटीबाहेर ठेवली. बाकी काम नवे असो, वाढीव असो वा दुरुस्तीचे असो, ते राज्य शासनाचा परवाना असलेल्या कंत्राटदारामार्फत झाले पाहिजे. सक्षमतेचे प्रमाणपत्र धारण करणाऱ्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झाले पाहिजे. आणि ज्याला शासनाने तशी अनुज्ञा दिली आहे अशाच कारागिराच्या हातून झाले पाहिजे. पुढे १९१० चा वीज कायदा जाऊन २००३ चा कायदा आला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली सुरक्षिततेची नवी नियमावली केली. ही तीन पदरी चौकट मात्र कायम राहिली. महाराष्ट्रात तिच्यातील तिसऱ्या माणसाला तारतंत्री म्हणतात.

म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. कंत्राट घेण्याचा अधिकार ही एक गोष्ट आणि काम करण्याची पात्रता ही दुसरी गोष्ट, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले होते. कंत्राटी परवाना सांगतो की या कामाला जबाबदार कोण, त्याचा पत्ता कोणता, त्याच्याजवळ मेगर आणि अर्थ टेस्टर आहे काय. कारागिराचे प्रमाणपत्र सांगते की या माणसाला फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांतील भेद कळतो, भारानुसार तारेची जाडी ठरवता येते आणि काम संपल्यावर ते तपासता येते. पहिला कागद व्यवहाराविषयी बोलतो, दुसरा कसबाविषयी.

परंतु या चौकटीत एक गृहीत दडलेले आहे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एखादी पेढी होती. मालक कंत्राट घेतो, पर्यवेक्षक देखरेख ठेवतो, कारागीर काम करतो. मोठ्या इमारती, कारखाने, सरकारी कचेऱ्या यांच्या बाबतीत हे चित्र खरे आहे. खेडेगावात, तालुक्याच्या बाजारपेठेत आणि शहराच्या उपनगरी वस्तीत ते टिकत नाही. तेथे काम मिळवणारा, सामान आणणारा, भिंत खोदणारा, तार ओढणारा आणि शेवटी बटण दाबून दिवा लागतो का हे पाहणारा माणूस एकच असतो. त्याचा मालक कोणी नाही आणि त्याच्या हाताखाली फार तर एखादा भाचा किंवा शेजारचा पोरगा. तारतंत्री परवाना त्याच्याजवळ असला तरी त्याच्या बळावर त्याला स्वतःच्या नावाने वायरिंगचे काम घेता येत नाही, कारण कंत्राटी परवाना दुसऱ्याचा असतो. कंत्राटी परवाना मिळवायचा तर पर्यवेक्षकाची पात्रता, चाचणीची उपकरणे आणि कागदपत्रांचा सारा व्याप त्याच्या आवाक्याबाहेर जातो. आणि दोन्ही कागद जवळ नसलेले कारागीर तर असंख्य आहेत. कायद्याच्या लेखी त्यांचे काम बेकायदा ठरते. समाजाच्या लेखी त्यांच्यावाचून एकही दिवस जात नाही.

या विसंगतीतूनच सहीचा बाजार उभा राहिला. ज्याच्याजवळ कसब आहे त्याच्याजवळ अधिकार नाही आणि ज्याच्याजवळ अधिकार आहे त्याचा कामाला हात लागत नाही, अशी स्थिती असेल तर अधिकार विकला जाणार हे उघड आहे. जमिनीच्या बाबतीत कसणारा आणि खंड घेणारा यांच्यातील जे नाते महाराष्ट्राने कूळकायदा करून मोडायला घेतले, त्याच जातीचे हे नाते आहे. फरक इतकाच की येथे खंड जमिनीचा नसून शिक्क्याचा आहे.

भिंतीत गाडलेले काम

काही जण विचारतात की शिंप्याला, सुताराला, गवंड्याला प्रमाणपत्र मागितले जात नाही, मग वीजकारागिरालाच का? या प्रश्नाचे उत्तर विजेच्या स्वभावात आहे. शिंप्याने कपडा बिघडवला तर तो अंगात घालताच कळते. सुताराचे दार नीट बसले नाही तर ते पहिल्याच दिवशी कुरकुरते. गिऱ्हाईक तेथे स्वतःच परीक्षक असते. वीजकामाचे तसे नाही. ते भिंतीत गाडले जाते आणि त्यावर गिलावा होतो. चांगल्या कामातही दिवा लागतो आणि वाईट कामातही दिवा लागतो. अर्थची तार जोडलेली असली तरी पंखा फिरतो आणि नसली तरी फिरतो. दोष उघड होतो तो तीन, पाच, दहा वर्षांनी, आणि त्या वेळी तो दाखवून देणारा माणूस जिवंत राहतोच असे नाही.

सर्वसाधारण समजूत अशी असते की फ्यूज आहे म्हणजे धोका नाही. ही समजूत घातक आहे. फ्यूज तारेचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण करणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. साठ वॉटच्या जुन्या दिव्यातून सुमारे पाव अँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या निम्म्याहूनही कमी प्रवाह छातीतून क्षणभर गेला तरी हृदयाची लय तुटू शकते आणि पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून अर्थिंग हवे. फ्रीजच्या वा पाण्याच्या मोटारीच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर तिला जमिनीकडे जाणारी इतकी सुलभ वाट मिळाली पाहिजे की प्रवाह एकदम वाढून फ्यूज तत्काळ उडावा. तेवढ्यानेही भागत नाही म्हणून तीस मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण बोर्डावर बसवायचे असते. परंतु ते बसवणाऱ्याला न्यूट्रल आणि अर्थ यांचा भेद पक्का ठाऊक हवा. उपकरणाच्या पुढे या दोन तारा कोठे एकत्र झाल्या तर ते उपकरण वारंवार वीज तोडते, घरमालक वैतागतो आणि कारागीर ते उपकरण वगळून थेट जोडणी करून देतो. वीज जाणे थांबते, घरमालक समाधानी होतो, आणि त्या घरातील संरक्षणाची शेवटची भिंत त्या दिवशी पडलेली असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांचा आकडा गेल्या काही वर्षांत सातत्याने वर्षाला दहा हजारांच्या वर राहिला आहे. या मृत्यूंची कारणे अनेक आहेत. तुटलेल्या वाहिन्या आहेत, उघडी रोहित्रे आहेत, शेतातील पंपांच्या सदोष पेट्या आहेत; सगळ्याच मृत्यूंचा दोष घरगुती वायरिंगवर टाकणे अप्रामाणिक होईल. पण सदोष वायरिंगचा बळी बहुधा कोण असतो, हे पाहण्यासारखे आहे. ज्याने काम स्वस्तात करून घेतले तो घरमालक क्वचित. बळी पडतो तो नंतर राहायला आलेला भाडेकरू, लोखंडी तारेवर ओले धुणे वाळत घालणारी बाई, पावसाळ्यात ओल्या भिंतीला हात लावणारे मूल, गिरणीत किंवा पिठाच्या चक्कीवर अनवाणी उभा असलेला मजूर. सौदा करणारे दोघे आणि मरणारा तिसराच, अशी जेथे स्थिती असते तेथे बाजार आपोआप शहाणा होईल असे म्हणण्यात अर्थ नाही.

अपघात झाला की २००३ च्या कायद्याच्या १६१ व्या कलमाप्रमाणे त्याची सूचना द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षकामार्फत चौकशी होऊ शकते. दोष ग्राहकाच्या जागेतील मांडणीत निघाला तर पुरवठा करणारी कंपनी हात झटकते. टेस्ट रिपोर्टवर सही असलेला कंत्राटदार म्हणतो की आपल्या सहीनंतर कोणीतरी फेरफार केले असावेत. ज्याने तारा ओढल्या त्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते. कोणालाच जबाबदार धरता येऊ नये अशी व्यवस्था कोणी मुद्दाम रचली असती तरी ती याहून चोख झाली नसती.

बलुतेदार नसलेला धंदा

प्रमाणपत्राच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती सामाजिक आहे. जुन्या गावगाड्यात कसबाची कसोटी जन्म ही होती. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा मुलगा लोहार, चांभाराचा मुलगा चांभार. कसब घरात मिळत असे आणि धंद्याचा हक्कही घरातच राहत असे. बाहेरच्याला त्यात शिरकाव नव्हता. वीज गावात आली तेव्हा तिला बलुतेदार नव्हता. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गावोगाव खांब उभे राहिले. तार जोडण्याचा हक्क कोणत्या जातीचा, हे कोणत्याही परंपरेने सांगितलेले नव्हते. त्यामुळे हा धंदा ज्याच्या हाती आला त्याचा झाला. भूमिहीनाचा मुलगा, दलित वस्तीतील तरुण, बलुते बुडाल्याने उघडा पडलेला कारागीर, सर्वांना येथे दार उघडे होते.

त्या दाराची चौकट म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू झाली आणि शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ साली आला. या संस्थांतून वीजतंत्री आणि तारतंत्री होऊन बाहेर पडलेल्या तरुणाच्या हाती जे प्रमाणपत्र आले, त्यावर त्याच्या बापाचा धंदा लिहिलेला नव्हता. ज्याच्या घरी सात-बाराचा उतारा नाही, त्याच्या घरी भिंतीवर चौकटीत लावलेले हे प्रमाणपत्र म्हणजे पहिली मालमत्ता होती. जन्माच्या जागी शिक्षण ही कसोटी यावी, ही ज्यांची भूमिका आहे त्यांनी प्रमाणपत्राकडे केवळ सरकारी जाच म्हणून पाहणे योग्य नव्हे. कंत्राटी परवान्याला भांडवल लागते. प्रमाणपत्राला अभ्यास लागतो. गरिबाला त्यांतील काय मिळवता येण्याजोगे आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

प्रमाणपत्राविरुद्ध पहिला आक्षेप मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांकडून येतो. हे परवान्यांचे राज्य आहे, माणसाला हवा तो धंदा करू द्यावा, असे ते म्हणतात. कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहेच. परंतु त्याच एकोणिसाव्या कलमाच्या सहाव्या उपकलमाने व्यवसायासाठी आवश्यक अशी तांत्रिक पात्रता ठरवण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. घटनाकारांनी हे दोन्ही एकत्र ठेवले, कारण एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या जिवावर उठू नये. शिवाय हा आक्षेप घेणारे कंत्राटदाराच्या परवान्याविषयी बहुधा मौन पाळतात. भांडवलवाल्याच्या हाती असलेला परवाना त्यांना व्यवस्था वाटतो आणि कामगाराच्या हाती द्यावयाचे प्रमाणपत्र तेवढे बंधन वाटते.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. कंत्राटदार आणि कारागीर एकच माणूस असेल तर त्याला दोन कागद कशासाठी? कंत्राटी परवाना मिळवताना त्याची परीक्षा झाली असेल तर ती पुरे नाही काय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. तेथे वीजकामाच्या कंत्राटदाराकडे नोकरीस असलेल्या वीजतंत्र्याला राज्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. सर्वसाधारण वीजतंत्र्यासाठी आठ हजार तासांच्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि लेखी परीक्षा, केवळ निवासी काम करणाऱ्यासाठी चार हजार आठशे तास, अशी अट आहे. खुद्द परवानाधारक कंत्राटदाराला मात्र हे वेगळे प्रमाणपत्र सक्तीचे नाही. ही सवलत पैसेवाल्याला दिलेली सूट नव्हे. ज्याच्या पात्रतेवर तेथे कंत्राटी परवाना मिळतो, त्याला चार वर्षांचा कुशल कामाचा अनुभव दाखवावा लागतो आणि धंद्याच्या परीक्षेला बसावे लागते. म्हणजे हाताची परीक्षा तेथे कोठे ना कोठे होते. कागद एक असावा की दोन असावेत, हा मुद्दा गौण आहे. ज्या हाताने तार जोडली जाते त्याची कसोटी झाली आहे काय, हा मुद्दा मुख्य आहे. परवाना एकाच्या पात्रतेवर आणि काम दुसऱ्याच्या हातांनी, असे घडू लागले की कंत्राटी परवान्याची कोणतीही परीक्षा निरर्थक होते. या देशात सहीच्या बाजाराने नेमके हेच केले आहे.

तिसरा आक्षेप चळवळीतील मित्रांचा आहे आणि तो सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. ते विचारतात, आठवी-दहावीत शाळा सुटलेल्या, वीस वर्षे हाताने काम करून घर चालवणाऱ्या माणसाला आता परीक्षेला बसवणार काय? त्याला कागद नाही म्हणून त्याचा धंदा बंद पाडणार काय? परीक्षेचे शुल्क, जिल्ह्याच्या गावी मारायच्या खेपा, बुडालेली मजुरी आणि दलालाची दक्षिणा, हे सारे त्याच्याच माथी बसणार नाही काय? ही भीती खोटी नाही. सरकारी प्रमाणपत्रांचा इतिहास पाहता ती रास्तच आहे. एकलव्याला विद्या येत होती. त्याला नाकारली गेली ती मान्यता, आणि ती मागताना त्याचा अंगठा गेला. कसबाच्या नावाखाली अंगठा कापून घेणारी व्यवस्था कोणालाही नको आहे. परंतु या भीतीवर उपाय म्हणून प्रमाणपत्रच नको, असे म्हटले तर त्या कारागिराचे हित साधते काय, याचा विचार झाला पाहिजे.

शून्याचे नाव

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात 'झिरो वायरमन' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. वीज कंपनीच्या लाइनमनकडे गावे अनेक आणि हात अपुरे. मग गावातीलच एखादा तरुण त्याच्या सांगण्यावरून खांबावर चढतो, उडालेला फ्यूज बसवतो, तुटलेली तार जोडतो. कंपनीच्या हजेरीपटावर तो नाही. त्याला पगार नाही, हातमोजे नाहीत, विमा नाही. शेतकरी जे देतील ते घ्यायचे. वीज बंद केल्याचे कोणीतरी सांगितले म्हणून तो वर चढतो आणि मध्येच कोठून तरी ती सुरू होते. त्याच्या मृत्यूनंतर पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की याला खांबावर चढायला कोणी सांगितले होते? उत्तर द्यायला कोणी पुढे येत नाही. लोकांनी त्याला दिलेले नाव विनोदाने दिलेले असेल, पण त्याहून अचूक नाव सापडणे कठीण. व्यवस्थेच्या हिशेबात तो खरोखरीच शून्य आहे.

घरगुती कामे करणारा स्वतंत्र वीजकारागीर हा याच शून्याचा सख्खा भाऊ आहे. कामगाराला अपघाताची भरपाई देणारा कायदा १९२३ साली आला, पण तेव्हापासून त्याचा पाया मालक आणि नोकर यांचे नाते हा राहिला. ज्याला मालक नाही त्याने भरपाई कोणाकडे मागायची? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कल्याण मंडळाकडे नोंद करून घेण्यासाठी वर्षातून नव्वद दिवस काम केल्याची अट घातली. आज या घरी बोर्ड, उद्या त्या दुकानात पंखा, परवा तिसऱ्याच्या मोटारीची जोडणी, असे काम करणाऱ्याला नव्वद दिवसांचा दाखला कोणी द्यायचा? त्याच्या कसबाची नोंद कोठेच नसल्याने त्याच्या अस्तित्वाचीही नोंद कोठेच नाही. प्रमाणपत्राचा अभाव त्याला मोकळे ठेवतो असे मानणाऱ्यांनी, तो अभाव त्याला किती निराधार करतो, हेही पाहावे. कागद नसल्यामुळे तो सहीसाठी कंत्राटदाराच्या दारात उभा राहतो. कागद नसल्यामुळे बँक त्याला कर्ज देत नाही. कागद नसल्यामुळे अपघातात गिऱ्हाईक मेले तर पोलीस प्रथम त्यालाच उचलतात, आणि तो स्वतः मेला तर त्याच्या बायकोला कोठे अर्ज करावा हेही कळत नाही.

प्रमाणपत्र कसे असावे

म्हणून उत्तर असे की प्रमाणपत्र हवे. मात्र ते परवान्याच्या डोक्यावर ठेवलेले आणखी एक ओझे होता कामा नये. ते परवान्याचा पाया झाले पाहिजे. आजचा क्रम उलटा आहे. आधी कंत्राटदार आणि त्याच्या छायेत कारागीर. हा क्रम सरळ करायचा तर सिद्ध झालेले कसब हाच अधिकाराचा उगम मानला पाहिजे. ज्या तारतंत्र्याने परीक्षा दिली आहे, ज्याच्याजवळ काही वर्षांचा अनुभव आहे, त्याला एका ठरावीक भारापर्यंतच्या साध्या घरगुती कामांसाठी स्वतःच्या नावाने काम घेण्याचा आणि स्वतःच्या सहीने टेस्ट रिपोर्ट देण्याचा अधिकार मिळावा. मोठ्या इमारती, कारखाने, उच्च दाबाची कामे यांसाठी कंत्राटदार आणि पर्यवेक्षक यांची चौकट राहू द्यावी. चाचणीची महागडी उपकरणे प्रत्येकाने विकत घेण्याचे कारण नाही. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा कारागिरांच्या सहकारी संस्थेत ती ठेवता येतील आणि अल्प भाड्याने देता येतील. असे झाले तर सहीचा बाजार एका झटक्यात नव्हे, पण निश्चितपणे ओसरेल, कारण करणारा आणि सही करणारा पुन्हा एक होतील.

जुन्या कारागिरांसाठी परीक्षेची रीत निराळी असली पाहिजे. लेखी प्रश्नपत्रिकेत अडखळणारा माणूस बोर्डासमोर उभा केला की चूक कोठे आहे ते दोन मिनिटांत दाखवतो. त्याची परीक्षा मराठीत, तोंडी आणि प्रत्यक्ष कामावर घेतली जावी. ती तालुक्याच्या ठिकाणी व्हावी. तिला शुल्क नसावे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी त्याला मिळावी. जो उत्तीर्ण होणार नाही त्याला हाकलून देण्याऐवजी अर्थिंग, भारानुसार तार आणि गळतीचे संरक्षण यांचे काही आठवड्यांचे शिक्षण देऊन पुन्हा बोलवावे. पूर्वी कमावलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची योजना केंद्र सरकारने २०१५ पासून राबवली, पण कौशल्याचा तो दाखला आणि परवाना मंडळाचा परवाना या दोन वेगळ्या वाटा राहिल्या. एका खात्याने कुशल म्हणावे आणि दुसऱ्याने ओळखू नये, हा प्रकार संपला पाहिजे.

शिवाय प्रमाणपत्राबरोबर संरक्षण आले नाही तर कामगार त्याला जाचच म्हणणार, आणि त्यात त्याची चूक नसेल. येथे महाराष्ट्राला बाहेर पाहण्याची गरज नाही. १९६९ साली या राज्याने माथाडी कामगारांचा कायदा केला. रोज नवा मालक, रोज नवे ओझे, अशा हमालांची नोंद मंडळाकडे झाली आणि मालक बदलला तरी कामगाराची ओळख, त्याची मजुरी आणि त्याच्या भविष्याची तरतूद टिकून राहिली. ठरलेला मालक नाही म्हणून कामगाराला हक्कच नाहीत, हा युक्तिवाद महाराष्ट्रानेच पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी खोडून काढला आहे. तोच धडा वीजकारागिरांना लावता येईल. प्रमाणपत्र घेतले की मंडळाकडे नोंद, नोंद झाली की अपघाताचा विमा, हातमोजे आणि सुरक्षा साहित्य, आणि नव्वद दिवसांच्या दाखल्यासाठी कोणाच्याही पाया पडण्याची गरज नाही, अशी ती साखळी असावी. विमा आणि साहित्य यांचा खर्च नव्या वीजजोडणीच्या आकारावर बसवलेल्या लहानशा उपकरातून भागवता येईल. ज्याच्या घरात दिवा लागतो त्याने दिवा लावणाऱ्याच्या जिवाची थोडी काळजी वाहावी, यात कोणावर अन्याय नाही.

या मागण्या मंत्रालयाच्या दारात जाऊन पडल्या म्हणजे मान्य होतील, अशी अपेक्षा कोणी धरू नये. सहीच्या बाजारात ज्यांचे हितसंबंध आहेत ते संघटित आहेत. कारागीर विखुरलेले आहेत. त्यामुळे आरंभ तालुक्यातूनच व्हावा लागेल. गावोगावच्या वीजकारागिरांची आणि झिरो वायरमनांची साधी यादी करणे हे पहिले काम आहे, कारण तशी यादी आजमितीला कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. कोणाजवळ तारतंत्री परवाना आहे, कोण किती वर्षे काम करतो, सहीपोटी किती पैसे द्यावे लागतात, कोणाला अपघात झाला आणि त्याच्या घरच्यांना काय मिळाले, एवढे लिहून काढले तरी एक मोठे दालन उघडेल. त्या यादीच्या आधारावर विद्युत निरीक्षकाच्या कचेरीत जाता येईल, प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यांकडे जाता येईल, विधिमंडळात प्रश्न विचारता येईल.

खांबावरून किंवा शिडीवरून पडलेल्या माणसाच्या घरी सांत्वनाला जाणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहेच. परंतु तो जिवंत असताना त्याचे नाव एका यादीत आणि त्याचे कसब एका प्रमाणपत्रावर यावे, हे त्याहून अगोदरचे कर्तव्य आहे.